बोका लिटर बॉक्स सोडून गादीवर लघवी करू लागला, तर आधी काय पाहावे

ताई, तुम्ही विचारलेली गोष्ट थोडक्यात अशी आहे. साडेतीन वर्षांचा, नसबंदी झालेला आणि घरातच राहणारा तुमचा बोका मार्चअखेरपर्यंत निमूटपणे लिटर बॉक्समध्ये, म्हणजे शी-लघवीसाठी वाळू भरून ठेवलेल्या डब्यात, जात होता. गेल्या तीन आठवड्यांपासून तो गादीवर, धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर आणि मधूनच मोरीत लघवी करतो. शी मात्र अजूनही बॉक्समध्येच करतो. तुम्ही ती वाळू काढून टाकून त्याऐवजी सुगंधी लिटर आणले, झाकणाचा नवा बॉक्स घेतला, फरशी रोज फिनाईलने पुसली, दोनदा त्याला मारही बसला, आणि आता सासूबाईंचे म्हणणे आहे की तो बिघडला, त्याला बाहेर सोडून द्या. त्याला पुन्हा सवय कशी लावायची, असा तुमचा प्रश्न आहे.

माझ्या मते हा प्रश्न सवयीचा नाही. तीन वर्षे रोज पाळलेली सवय मांजर एका आठवड्यात विसरत नाही, आणि तुमच्यावर राग काढण्यासाठी गादी निवडावी इतका लांबचा विचारही ते करत नाही. त्याला बॉक्स सोडण्याचे काहीतरी कारण मिळाले आहे. ते कारण त्याच्या मूत्राशयात असेल, बॉक्समध्ये असेल किंवा घरात असेल, आणि शोधायचे याच क्रमाने, कारण पहिल्या कारणात चूक झाली तर दुसऱ्या दोहोंचा शोध घ्यायला बोकाच उरत नाही.

हे मी अनुभवाने सांगतो आहे आणि तो अनुभव माझ्या चुकीचा आहे. मी धुळ्यात वीस-बावीस वर्षे जनावरांवर उपचार करतो. त्यातली पहिली काही वर्षे बैल, म्हशी आणि शेळ्या यांच्यातच गेली, मांजर क्वचित यायचे. एका संध्याकाळी एक शेतकरी पिशवीत घालून बोका घेऊन आले आणि म्हणाले, "डॉक्टर, याले शी व्हत नही." बोका खरोखर सारखा बसत होता, कुंथत होता आणि काहीच होत नव्हते. मी बद्धकोष्ठ समजून पोट साफ होण्याचे औषध दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी बोका मेल्याचा निरोप आला. तो शीसाठी कुंथत नव्हता. त्याची लघवी तुंबली होती. पोटाला हात लावून मूत्राशय चाचपले असते, तर तो मोसंबीसारखा टणक गोळा दोन मिनिटांत हाताला लागला असता. तेव्हापासून बोका कुंथतो आहे असे कोणी फोनवर सांगितले की मी औषध सांगत नाही, घेऊन या म्हणतो.

बोक्याचा मूत्रमार्ग मादीपेक्षा लांब आणि शेवटी फारच अरुंद असतो. खड्याचा कण, स्फटिकांची आणि चिकट स्रावाची गुठळी किंवा नुसती सूज एवढ्यानेही तो बंद होतो. लघवी मागे तुंबली की मूत्रपिंडांचे काम थांबते, रक्तातले पोटॅशियम वाढते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. पूर्ण तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. म्हणून आज रात्रीच एवढे पाहा : तो वारंवार बसतो का, बसून थेंब-दोन थेंबच येतात का, बसताना ओरडतो का, लघवीत लालसर झाक आहे का, मागचा भाग सारखा चाटतो का. आणि काहीच येत नसेल, त्यात उलटी किंवा सुस्ती असेल, तर सकाळची वाट पाहू नका. मूत्राशय स्वतः दाबून पाहण्याचा प्रयत्न मात्र करू नका. ताणलेले मूत्राशय फुटू शकते.

तुमचा बोका तीन आठवडे लघवी करतो आहे, म्हणजे तो आत्ता तुंबलेला नाही. पण नसबंदी झालेला, घरात बसून असणारा, बहुधा थोडा वजनदार आणि कोरड्या खाण्यावर वाढलेला बोका हीच तुंबण्याची शक्यता जास्त असलेली जात आहे, त्यामुळे ही शक्यता मी मनातून काढणार नाही.

आता लघवी कुठे आणि किती केली, याकडे पाहू. उभे राहून, शेपूट थरथरवत, भिंतीवर किंवा कपाटाच्या दारावर थोडीशी पिचकारी मारली असेल, तर ती हद्दीची खूण असते आणि तिचा विचार वेगळा करावा लागतो. नसबंदी केलेल्या बोक्यांतही दहांतला एखादा असे करतो, विशेषतः खिडकीबाहेर परका बोका फिरकू लागला की. तुमच्या वर्णनात तो खाली बसतो, म्हणजे ही ती गोष्ट नव्हे. मोठे थारोळे होत असेल आणि पाणी पिणेही वाढले असेल, तर मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार यांच्याकडे लक्ष जाते. पण ते सहसा वय झालेल्या मांजरांत दिसते. लहान लहान डाग, दिवसातून बऱ्याच वेळा, एकदा मऊ गादीवर तर एकदा मोरीच्या थंड गुळगुळीत फरशीवर, आणि शी मात्र जुन्याच जागी, हे सगळे एकत्र आले की माझा पहिला संशय मूत्राशयाच्या दाहावर जातो. दाह झालेला बोका बॉक्समध्ये बसतो, त्याला कळ येते, आणि त्या कळेचा दोष तो बॉक्सला देतो. मग तो दुखणार नाही अशी दुसरी जागा शोधत घरभर फिरतो. शी करताना कळ येत नाही, म्हणून त्या कामापुरता बॉक्स त्याला चालतो.

तरुण आणि मध्यमवयीन मांजरांतल्या या दाहाचे सर्वांत जास्त आढळणारे रूप असे आहे की त्यात ना जंतू सापडतात ना खडा. मूत्राशयाचे आतले अस्तर सुजते, आणि त्यामागे मनावरचा ताण व दाट लघवी यांचा मोठा हात असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात माणसाला लघवीची आग होऊ लागली की 'उन्हाळी लागली' म्हणतात; बोक्याचे दुखणे अगदी तेच नाही, पण पाण्याशी असलेले नाते सारखेच आहे. मांजर मुळात कमी पाणी पिणारा आणि लघवी दाट करणारा प्राणी आहे. चार किलोच्या बोक्याला खाण्यातले धरून दिवसाला साधारण दोनशे मिलिलिटर पाणी लागते. कोरड्या दाणेदार खाण्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, तर ओल्या खाण्यात पाऊणशे टक्क्यांहून अधिक असते. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जाण्याच्या दिवसांत निव्वळ कोरड्या खाण्यावरचा बोका हा फरक पिऊन भरून काढत नाही.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. उन्हाळी लागल्यावर घरात आणलेले लघवी साफ होण्याचे गोड सिरप बोक्याला पाजण्याचा मोह पुष्कळांना होतो. ते औषध लघवी अल्कधर्मी करते, आणि मांजरांत नेहमी सापडणारे स्ट्रुव्हाइट जातीचे खडे अल्कधर्मी लघवीतच वाढतात. दुखते म्हणून पॅरासिटामॉल देणे तर त्याहून भयंकर. माणसाची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करण्याची व्यवस्था त्याच्या यकृतात जवळजवळ नाहीच.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा लघवीची तपासणी करून मागा आणि शक्य असेल तर सोनोग्राफी किंवा एक्स-रे काढा. घरी नमुना घ्यायचा असेल तर बॉक्स स्वच्छ धुऊन, वाळवून, त्यात धुतलेली मत्स्यटाकीतली गुळगुळीत खडी पसरा. लघवी खाली उरते, ती सिरिंजने ओढून दोन-तीन तासांत पोहोचवा. तपासणीशिवाय प्रतिजैविकाचे इंजेक्शन घेऊ नका. साडेतीन वर्षांच्या बोक्यात जंतुसंसर्ग क्वचितच असतो. तो वय झालेल्या मांजरांचा त्रास आहे. वेदनाशामक मात्र डॉक्टरांनी ठरवलेले जरूर द्यावे, कारण कळ थांबल्याशिवाय बॉक्सशी समेट होत नाही.

या दुखण्याची आणखी एक गंमत आहे. दाहाचा एकेक झटका पुष्कळदा पाच-सात दिवसांत आपोआप ओसरतो आणि काही आठवड्यांनी परत येतो. त्यामुळे चौथ्या दिवशी जे केले त्यालाच गुण आल्याचे श्रेय मिळते. धने-जिऱ्याच्या पाण्याने बरा झाला, नवे लिटर आणले म्हणून बरा झाला, दृष्ट काढली म्हणून बरा झाला, असे मला सांगितले गेले आहे, आणि त्यांपैकी कोणी खोटे बोलत नव्हते. तुमच्या मजकुरातही 'सुगंधी लिटर आणल्यावर चार दिवस ठीक होता' असे वाक्य आहे. ते चार दिवस लिटरचे नसावेत.

तपासणीत काही गंभीर निघाले नाही असे धरू, आणि बॉक्सकडे वळू. मी घरी जातो तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतो की शेवटचे सगळे नीट कधी होते आणि त्यानंतरच्या आठवड्यात घरात काय हलले. तुम्ही मार्चअखेर म्हणालात आणि माझ्या डोळ्यांसमोर कूलर आला.

दोन वर्षांपूर्वी जळगावच्या एका घरात मी अशाच तक्रारीसाठी गेलो होतो. बॉक्स गॅलरीत, कोपऱ्यात, वर्षानुवर्षे त्याच जागी. दुपारचे तीन वाजले होते. घरच्यांशी बोलता बोलता मी बॉक्सशेजारी खाली बसलो आणि वाळूत बोटे घातली, तर ती पोळली. तेवढ्यात मांजर आले, काठावर थांबले, पुढचा एक पंजा वाळूत टेकला, लगेच उचलून झटकला आणि मागे वळले. त्याच क्षणी आतून कोणीतरी बटण दाबले आणि हातभर अंतरावर खिडकीला लावलेला लोखंडी कूलर दणका देऊन खडखडू लागला. मांजर पलंगाखाली गेले ते तासभर बाहेर आले नाही. कूलर माळ्यावरून उतरवून, नवे गवत भरून तिथे बसवला त्याला महिना झाला होता आणि मांजर गादी भिजवू लागले त्यालाही महिनाच. बॉक्स आतल्या खोलीत, अंधाऱ्या भिंतीकडे हलवला. मऊ जागेची लागलेली चटक सुटायला पुढे तीन आठवडे गेले, पण औषध काहीच लागले नाही.

तुमच्याकडे हेच झाले असेल असा माझा दावा नाही. तुमचा बॉक्स कुठे आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि बाळ, पाहुणे, रंगकाम, शेजारचा नवा कुत्रा यांनीही हेच होते. पण बॉक्सच्या जागी दुपारी तीन वाजता जाऊन पाच मिनिटे बसा. उष्णता, आवाज आणि पळून जायला दुसरी वाट आहे की नाही, या तीन गोष्टी तिथे बसल्याशिवाय कळत नाहीत.

खुद्द बॉक्सबद्दल मला तुमच्या दोन खरेदींवर हरकत आहे. सुगंध माणसाला सुखावतो. मांजराचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे आणि तो अत्तराचा दर्प त्याच्या पायांखाली असतो. झाकणाचा बॉक्स काही मांजरांना चालतो, पण त्यात वास आणि उकाडा कोंडतो, आणि आधीच बिचकलेल्या बोक्यासमोर एकाच आठवड्यात लिटर आणि बॉक्स दोन्ही बदलणे म्हणजे त्याला ओळखीचे काहीच न ठेवणे. जुना उघडा बॉक्स आणि जुनी वाळू परत आणा. त्याशिवाय दुसरा बॉक्स वेगळ्या खोलीत ठेवा. त्यात बारीक कणांचे, गोळा होणारे, बिनवासाचे बेंटोनाइट मातीचे लिटर चार-पाच सेंटिमीटर भरा. मांजरांची संख्या अधिक एक इतके बॉक्स असावेत हा नियम म्हणूनच आहे. ज्या जागेवर कळ सोसली तिथे न जाता त्याला दुसरी निवड करता येते. आठवडाभराने कोणता बॉक्स जास्त वापरला हे तुम्हाला तोच सांगेल.

दुकानात मिळणारे बहुतेक बॉक्स बोक्याला तोकडे असतात. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट, म्हणजे साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर लांबी हवी. कपडे ठेवायचा प्लास्टिकचा मोठा उथळ डबा घेऊन एका बाजूने काठ कापला आणि कापलेली कड घासून गुळगुळीत केली की उत्तम बॉक्स होतो. नदीची वाळू वाईट नाही, आपल्याकडची कित्येक मांजरे गिरणा-तापीच्या वाळूवरच वाढली. फक्त तिचा गोळा होत नाही, त्यामुळे लघवी किती झाली ते मोजता येत नाही आणि ओल तळाशी साचते. काळी माती मात्र नको, ती ओली झाली की पंजांना लिंपते. लाकडाचा भुसा वापरत असाल तर चाळून घ्या. गोळे दिवसातून दोनदा काढा आणि मोजा. निरोगी बोक्याचे दिवसाला दोन ते चार गोळे होतात; अचानक आठ-दहा छोटे गोळे दिसले किंवा एकही दिसला नाही, तर तो आकडा डॉक्टरांच्या कोणत्याही यंत्राआधी बोलतो.

फिनाईल आजच बंद करा. काळ्या फिनाईलमधले फिनॉल मांजराला विषारी आहे. ते फरशीवरून पंजांना लागते आणि पंजे तो चाटतो. शिवाय त्या उग्र वासाखाली लघवीचा वास आपल्याला लपलेला वाटतो, त्याला नाही. ताजी लघवी आधी कोरड्या कपड्याने टिपून घ्या, साध्या पाण्याने ओली करून पुन्हा टिपा, मग एन्झाइम असलेल्या धुण्याच्या पावडरचे पाणी पंधरा-वीस मिनिटे राहू द्या, आणि स्वच्छ पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. आधी ऊन आणि मग धुणे असा क्रम केला तर वास पक्का बसतो. जुने डाग सापडत नसतील तर रात्री दिवे मालवून अतिनील टॉर्चने फरशी आणि भिंतीचा पायथा पाहा, लघवीचे डाग चमकतात. ज्या घरांत मी हे करायला लावले तिथे घरच्यांना माहीत नसलेले डाग हमखास निघाले.

पाण्याची सोय करताना ताटाशेजारची एकच वाटी पुरत नाही. मातीचे पसरट परळ तीन ठिकाणी, खाण्यापासून दूर ठेवा. त्यात पाणी गार राहते आणि मिशा काठाला घासत नाहीत. नळ चार-पाच दिवसांनी येणाऱ्या गावांत साठवणीच्या पाण्याला वास लागतो, म्हणून परळातले पाणी रोज दोनदा ओतून नवे भरा. खाणे हळूहळू ओले करा. चिकन उकडलेले पाणी कांदा, लसूण आणि मीठ न घालता दाण्यांवर ओतले तरी सुरुवात होते. बोकोबा कूलरच्या टाकीत तोंड घालत असतील तर टाकी झाकून घ्या, आणि कूलरला अर्थिंग आहे का तेही पाहून घ्या.

मारणे थांबवा, हे मी भूतदयेपोटी म्हणत नाही. मार बसल्यावर तो एवढेच शिकतो की तुमच्यासमोर लघवी करणे धोक्याचे आहे. मग तो कपाटामागे करतो, तुम्हाला डाग दिसत नाही, आणि ज्या ताणामुळे दाह होतो तो ताणच वाढतो.

सासूबाईंची चीड मला समजते, कारण गादी धुण्याचे काम बहुधा त्यांच्याच वाट्याला येत असणार. त्यांना एवढे सांगा की बाहेर सोडल्यावर घर कोरडे राहील, पण तो लघवी करतो की नाही हे कोणालाच दिसणार नाही, आणि तुंबलेला बोका उन्हात कुठल्यातरी गोठ्यात जाऊन मरेल. त्याऐवजी सुरुवातीचे सात-आठ दिवस त्याला एकाच शांत खोलीत ठेवा. तिथे तेवढ्या दिवसांपुरते दोन्ही बॉक्स, पाणी, खाणे, बसायला उंच फळी असू द्या. मऊ अंथरूण आणि कपड्यांचा ढीग असू देऊ नका. दिवसातून तीन-चार वेळा त्याच्याजवळ जाऊन बसा, नाहीतर त्याला ती शिक्षा वाटेल. सलग आठवडाभर सगळे बॉक्समध्ये झाले की एकेक खोली उघडा. मोरीचा मोह उरलाच तर रात्री मोरीत दोन बोटे पाणी साचवून ठेवा. महिनाभरात फरक पडला नाही, किंवा झटके पुन्हा पुन्हा येऊ लागले, तर ताण कमी करणारी औषधे आहेत. ती काही आठवडे रोज द्यावी लागतात आणि एकदम बंद करता येत नाहीत, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

राहिली गादी. कापसाच्या गादीत लघवी आतपर्यंत मुरते आणि वरून कितीही धुतली तरी ओलसर हवेत वास पुन्हा उठतो, आणि तो वास त्याला 'हीच जागा' असे सांगत राहतो. पिंजाऱ्याकडून गादी उघडून घ्या, भिजलेला कापूस काढून टाका, उरलेला पिंजून नव्या खोळीत भरून घ्या. तोवर सतरंजीवर झोपा. गादी परत आली तरी ती पलंगावर टाकण्याची घाई नको. बॉक्समधले गोळे सलग तीन आठवडे नेहमीच्या संख्येत येऊ लागले की मगच टाका, आणि पहिले काही दिवस तिच्यावर मेणकापड अंथरून ठेवा.